सुगीचे पराग

मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक झाडांच्या परागांविषयी का बोलू लागला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला विज्ञान आणि शेतकी शिकवीत असत, आणि त्यांच्या विषयात माझे गुण कधी पन्नासाच्या पलीकडे गेले नाहीत. पुढे मी भाषेकडे वळलो तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा. असे असूनही हा विषय मी घेतला, याला कारण घडले ते एका साध्या कागदाचे. माजी विद्यार्थी मंडळाने यंदा शाळेच्या नव्या कुंपणालगत झाडे लावण्याचे ठरविले आहे. रोपांची यादी अभिप्रायासाठी माझ्याकडे आली, ती बहुधा केवळ वयोज्येष्ठतेमुळे. यादीत तिसऱ्या ओळीवर ‘कोनोकार्पस’ असे नाव होते. ते नाव मला ठाऊक नव्हते. ते शोधता शोधता मी पार जपानपर्यंत जाऊन पोचलो, आणि तेथून परत सौसरला, आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर आलो.

ओसरीपासूनच आरंभ करतो. माझ्या आईला दमा होता. वर्षभर ती कामाला वाघीण. पण माघ सरून फाल्गुन लागला, वावळीची पाने झडली आणि दुपारचे वारे सुटले, की तिचा जीव घाबरा होई. रात्र रात्र ती ओसरीवर गुडघ्यांवर हात टेकून बसे. कोणी म्हणे चुलीच्या धुराने, कोणी म्हणे होळीच्या राखेने, कोणी म्हणे नव्या गव्हाच्या भुशाने. आई मात्र एकच सांगे : “बाबू, या वाऱ्यात काहीतरी हाय.” आम्ही शिकलेली मुले हसत असू. तिचा दमा नेमका कशाचा होता, हे आज कोणालाही सांगता येणार नाही; त्या काळी सौसरात तशी तपासणी नव्हती आणि आता ती नाही. परंतु वाऱ्यात ‘काहीतरी’ असते, हे तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे कळायला मला पासष्टी ओलांडावी लागली.

माझी मुलगी विवाहानंतर टोकियोला असते. २०१७ च्या फेब्रुवारीत मी प्रथमच तिच्याकडे गेलो. करोनाची साथ यायला अजून तीन वर्षे होती, तरीही आगगाडीच्या डब्यात निम्मी माणसे तोंडावर मुखपट्टी बांधून बसलेली. दूरदर्शनवर पावसाच्या अंदाजाबरोबर परागांचा अंदाज सांगत होते. मुलीचे डोळे लाल, नाक वाहते आहे. म्हणाली, “बाबा, पहिली चार वर्षं मला काही झालं नाही. पाचव्या वर्षी सुरू झालं. इथं सगळ्यांना होतं, सुगीमुळे.”

मी चमकलो. सुगी हा तर आपला शब्द. धान्य खळ्यावर येण्याचा, हाती चार पैसे खुळखुळण्याचा काळ तो सुगीचा. जपानी भाषेत मात्र ‘सुगी’ हे एका उंच, सरळसोट, सूचिपर्णी वृक्षाचे नाव. त्याला इंग्रज लोक जपानी सीडर म्हणतात. शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जापोनिका. आपल्याकडे गव्हाची कापणी सुरू असते त्याच महिन्यांत त्या झाडाचे पराग उडतात. दोन भाषांतील दोन शब्दांची ही गाठ केवळ योगायोगाची आहे. व्युत्पत्तीचा कसलाही संबंध नाही, हे मी व्यवसायधर्म म्हणून आधीच सांगून टाकतो.

आता हे पराग म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. आपल्या साहित्यात पराग हा फार लाडका शब्द. संस्कृत कवींच्या उपवनांत तो वाऱ्यावर दरवळतो, भुंग्यांना पिवळे करतो, नायिकेच्या केसांत अडकतो. त्यामुळे कोणी शिंकल्याचे माझ्या वाचनात नाही. आपण हौसेने मुलाचे नाव पराग ठेवतो. वनस्पतीच्या दृष्टीने पाहिले तर परागकण म्हणजे नरबीज वाहून नेणारी सूक्ष्म कुपी. सुगीचा परागकण मिलिमीटरच्या सुमारे तेहेतिसाव्या भागाएवढा असतो. पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या परागकोशात असे कण तयार होतात आणि ते दुसऱ्या फुलाच्या कुक्षीपर्यंत, सुगीसारख्या सूचिपर्णी झाडात मादी शंकूपर्यंत, पोचायचे असतात. झाडाला पाय नाहीत, तेव्हा कोणी तरी वाहक हवा.

या वाहकाचा प्रश्न गुरुजींनी आम्हांला शाळेमागच्या पळसाखाली उभे करून विचारला होता. “हे फूल लाल आहे ते कोणासाठी?” आम्ही म्हणालो, “देवासाठी.” गुरुजी म्हणाले, “देवाला रंगाचं काय करायचं आहे? वर बघा.” वर साळुंक्या आणि शिंजीर मध पिण्यासाठी फुलांत चोच खुपसत होते आणि कपाळाला पराग माखून दुसऱ्या फांदीवर जात होते. जे झाड पक्ष्याला, मधमाशीला किंवा वटवाघळाला बोलावते त्याला रंग, गंध, मध यांचा खर्च करावा लागतो. पण परागांचा खर्च त्या मानाने बेताचा, कारण वाहक ते नेमक्या पत्त्यावर पोचवतो. असे पराग बहुधा जड व चिकट असतात. ते वाऱ्यावर फार दूर जात नाहीत. याउलट जे झाड वाऱ्यावर विसंबते त्याला रंगही नको आणि गंधही नको. त्याचे फूल आपल्या ध्यानातही येत नाही. परंतु वारा हा बेभरवशाचा टपालवाला. एक पत्र पोचावे म्हणून लाखो पत्रे उधळावी लागतात. ती कोरडी, हलकी, मुबलक पत्रे आपल्या नाकाडोळ्यांत येऊन पडतात.

त्यातल्या प्रथिनाला काही माणसांचे शरीर शत्रू समजते. त्याच्याविरुद्ध ते प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड नाकाच्या व डोळ्यांच्या अस्तरातील विशिष्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखे जाऊन बसतात. पुढच्या ऋतूत तेच पराग आले, की त्या पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये ओततात, आणि शिंका, खाज, पाणी, कधी दमा असा सारा सरंजाम सुरू होतो. पहारा बसायला काही ऋतू जावे लागतात. म्हणून माझ्या मुलीला पहिली चार वर्षे काही झाले नाही. परिभाषाकारांनी यासाठी अधिहर्षता असा शब्द घडविला. हर्षाचा त्यात लवलेश नसल्यामुळे तो रुळला नाही, यात नवल नाही. आईचा शब्द ‘वावडे’ होता, आणि शंभर टक्के नेमका होता.

जपानात हे वावडे आले कोठून? सुगी तर तेथे हजारो वर्षांपासून आहे. जुन्या देवळांभोवती त्याचे पुराणवृक्ष उभे आहेत. आले ते माणसाच्या घाईतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर डोंगर उघडे पडले होते. पूर येत होते, दरडी कोसळत होत्या, जळालेल्या शहरांना घरांसाठी लाकूड हवे होते. सुगी झपाट्याने वाढतो, सरळ वाढतो, फळ्या पाडायला सोपा. म्हणून १९५० आणि १९६० च्या दशकांत डोंगरच्या डोंगर सुगीने, आणि हिनोकी नावाच्या त्याच्या भावंडाने, भरून काढले. आज सुगीची लागवड सुमारे ४५ लाख हेक्टरांवर आहे. माणसाने लावलेल्या तेथील वनांपैकी चार दशांशांहून अधिक वन एकट्या या झाडाचे. त्या वेळच्या वनाधिकाऱ्यांना दोष देण्याची घाई मी करणार नाही. उघड्या डोंगराकडे पाहून त्यांनी जे केले ते आपणही केले असते. १९५० साली आपल्या देशात वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हा आपलीही दृष्टी फार वेगळी नव्हती.

पुढे दोन गोष्टी एकदम घडल्या. १९६४ साली परदेशी लाकडाची आयात खुली झाली. कालांतराने स्वस्त लाकडापुढे डोंगरातले सुगी तोडणे परवडेनासे झाले, विरळणीही राहून गेली. आणि सुगी पंचवीस-तीस वर्षांचा झाला, की भरपूर पराग धरू लागतो. म्हणजे आजोबांनी लावलेली झाडे नातवाच्या शाळेच्या वयात, तोडावाचून, ऐन परागभरात उभी. सुगीच्या परागज्वराची पहिली नोंद १९६४ सालची, निक्को परिसरातील. तेथील नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या देशव्यापी पाहण्यांत हे प्रमाण १९९८ साली १६.२ टक्के, २००८ साली २६.५ टक्के आणि २०१९ साली ३८.८ टक्के आढळले. पाच माणसांतील जवळजवळ दोन! मी ज्या डोंगरात फिरायला गेलो तेथे वाऱ्याची एक झुळूक आली आणि समोरच्या उतारावरून पिवळट धूर उठला. वणवा लागला असे वाटून मी मुलीचा हात धरला. ती म्हणाली, “बाबा, ते परागच आहेत,” आणि पाठ फिरवून मुखपट्टी घट्ट केली.

आता प्रजननाची कथा. ती मला सर्वांत रम्य वाटते, आणि विशेष म्हणजे आपल्या सौसर-पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला ती टोकियोच्या नागरिकापेक्षा लवकर समजेल.

१९६० च्या दशकातील गोष्ट. १९६४ साली सी. एस. एच.-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात आले आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या भागातही त्याची चर्चा सुरू झाली. गुरुजी आम्हांला एका बीजोत्पादनाच्या शेतात घेऊन गेले. तेथे ज्वारीच्या ओळी दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारच्या कणसांवर गुरुजींनी हात फिरवला आणि तळहात आम्हांला दाखवला : पिवळा. दुसऱ्या प्रकारच्या कणसांवर फिरवला : कोरडा. “ही ओळ नरवंध्य आहे,” ते म्हणाले. “हिच्यात पुंकेसर आहेत, पण पोचट. दाणा मात्र धरते, शेजारच्या ओळीच्या परागावर.” ती मादी ओळ अमेरिकेतून आलेल्या काफिर ज्वारीच्या वंशाची होती. ज्वारीचे फूल इवलेसे. कपाशीच्या संकरित बियाण्यासाठी बाया-मुली हाताने पुंकेसर काढतात तसे ज्वारीत करणे अशक्य. म्हणून जन्मतःच पराग नसलेली आई शोधली गेली. दुष्काळाच्या त्या वर्षांत पराग नसणे हा एका झाडाचा दोष आपल्या ताटातली भाकर झाला. मला तेव्हा हे काही कळले नाही. त्या परीक्षेत मला बेचाळीस गुण होते.

आता तोच दोष जपानात सापडला. १९९२ साली तोयामा शहरात, एका शिंतो देवस्थानाच्या आवारात, हिदेआकी ताइरा या वनसंशोधकांना एक सुगी असा आढळला, की नरपुष्पे तर भरपूर, परंतु झटकली तरी पराग म्हणून उडेना. परागकण घडता घडता आतल्या आत कोसळून जात होते. मादी शंकू मात्र निरोगी होते, त्यांत बी धरत होते. देवाच्या आवारातले झाड म्हणून ते टिकले, हे मला विशेष वाटते. जामसावळीच्या हनुमंताच्या पिंपळाला हात लावण्याची आपली छाती होत नाही, तसेच तेथेही असावे.

एक झाड सापडले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. तो दोष एका जनुकात आहे आणि तो अप्रभावी आहे. म्हणजे आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती सदोष मिळाल्या तरच झाड परागहीन. एक प्रत जरी चांगली असली तरी पराग येणार. (ज्वारीत हा दोष पेशीद्रवातून, केवळ आईकडून, येतो. दोन कुळांच्या रीती वेगळ्या.) तेव्हा देवळातल्या त्या झाडाचा, उत्तम लाकूड देणाऱ्या झाडाशी संकर केला, तर पहिल्या पिढीतील सारी मुले पराग उडवणारी निघतात, दोष त्यांच्या पोटात दडून बसतो. या मुलांचा पुन्हा परागहीन झाडाशी संकर करावा, तेव्हा नातवंडांपैकी सुमारे निम्मी परागहीन निघतात. कोणती निम्मी, हे ती फुलल्याखेरीज कळत नाही. आणि सुगी आपणहून फुलायला वर्षानुवर्षे लावतो. यावर त्यांनी तोड काढली ती आपल्या बागाइतदारांच्या ओळखीची आहे. संत्र्याची फळगळ थांबविण्यासाठी आपण जी. ए. म्हणून जे फवारतो, ते जिबरेलिन. ते दोन-तीन वर्षांच्या सुगीच्या रोपावर फवारले, की रोप बालवयातच फुलते. मग ती फुले सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि पराग असलेली रोपे बाजूला काढायची. अलीकडे हे जनुक ओळखले गेल्यामुळे पानाच्या तुकड्यावरूनही निदान होते. तोयामाने अशा रीतीने सिद्ध केलेल्या वाणाला ‘तातेयामा मोरी नो कागायाकी’ असे नाव दिले. तातेयामा पर्वताच्या अरण्याचे तेज, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अशा वाणाला आद्याक्षरे आणि आकडे यांपलीकडे काही मिळाले नसते, ही माझी जुनी तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

दुसरा मार्ग याहून साधा आणि व्यवहारात अधिक चालणारा. १९५० च्या दशकापासून जपानी वनखात्याने चांगल्या लाकडासाठी सरळ, जोमदार झाडे निवडून त्यांची कलमे राखली होती. आपल्याकडे सागाच्या बाबतीत हेच केले गेले; अशा निवडक झाडाला प्लस ट्री म्हणतात आणि त्यांच्या कलमांची बीजोद्याने लावतात. जपानी संशोधकांनी तीच निवडलेली झाडे परागांच्या दृष्टीने पुन्हा न्याहाळली आणि त्यांत अशी आढळली, की जी नेहमीच्या सुगीच्या एक टक्का किंवा त्याहूनही कमी पराग देतात. त्यांना अल्पपराग सुगी म्हणतात. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधला, की प्रत्येक झाड मूळ झाडाची प्रतिकृती होते. तसेच सुगीचे छाट लावले, की अल्पपराग गुण जशाचा तसा उतरतो.

येथे एका धोक्याचे भान ठेवावे लागते. थोड्याच झाडांच्या प्रतिकृतींनी डोंगर भरला, तर एखादी कीड किंवा बुरशी सगळ्यांना एकाच दारातून आत शिरून मारू शकते. एकाच जातीच्या अफाट लागवडीचे दुखणे आपल्याला शिकवायला नको. १९८० च्या दशकात कोळशीने विदर्भातल्या आणि आपल्याकडच्या संत्राबागा कशा काळ्या पडल्या, ते इथल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून जपानी प्रजनक अनेक वेगवेगळ्या झाडांत तो गुण आणण्याच्या खटपटीत असतात. ही खटपट आणखी पिढ्या मागते.

आणि मुख्य अडचण अंकगणिताची. मे २०२३ मध्ये जपान सरकारने या प्रश्नाचे सर्वंकष धोरण ठरविले : पराग उडवणाऱ्या सुगीवनाचे क्षेत्र दहा वर्षांत दोन दशांशांनी कमी करायचे, परागांचे प्रमाण तीस वर्षांत निम्म्यावर आणायचे, सुगीची वार्षिक तोड सुमारे ५० हजार हेक्टरांवरून ७० हजारांवर न्यायची, आणि नव्याने तयार होणाऱ्या सुगीच्या रोपांत अल्पपराग व परागहीन रोपांचा वाटा दहा वर्षांत नव्वद टक्क्यांवर आणायचा; तोवर तो निम्म्याच्या आसपास होता. पन्नास हजारांनी पंचेचाळीस लाखांना भागले तर नव्वद येतात. म्हणजे जुन्या वेगाने गेले तर शेवटचे झाड बदलायला नव्वद वर्षे. जे काही दशकांत लावले ते काढायला जवळजवळ शतक. माझ्या मुलीच्या आयुष्यात तिचा वसंत ऋतू पूर्ण निर्मळ होण्याची चिन्हे नाहीत. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मुलांच्या मुलांना तरी होईल ना?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

हे सारे वाचताना मला सारखे वाटत राहिले, की मग आपल्या सातपुड्यातही अशी परागहीन झाडे निपजवावीत काय? माझे मत नाही असे आहे, आणि त्याचे कारण गुरुजींच्या त्या पळसापाशी आहे. सूचिपर्णी वने थंड प्रदेशांची. तेथे वाऱ्यावर विसंबणारी झाडे बहुसंख्य. आपल्या पानगळीच्या रानात ती थोडी. साग पावसाळ्यात फुलतो, त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांवर माश्या-मधमाश्या येतात. मोहावर रात्री वटवाघळे येतात. बहाव्यावर मोठे काळे भुंगे, करंजावर मधमाश्या. संत्र्याचा आंबिया बहर फेब्रुवारीत फुलतो तेव्हा सारे पांढुर्णे घमघमते. त्या वासाने एखाद्याचे डोके जड होत असेल, पण त्याचे चिकट पराग वाऱ्याने फारसे उडत नाहीत. सुगी परागहीन केला तर कोणा माशीचे पोट जात नाही, कारण त्याला कोणी माशी लागतच नाही. मोह किंवा करंज परागहीन केला तर सातेरी आणि आग्या माश्यांच्या तोंडचा घास जाईल, मोहाला टोळंबी धरणार नाही. एका देशाचे औषध दुसऱ्या देशात विष ठरू शकते ते असे. आपल्याकडे वृक्षप्रजननाचे काम कोइमतूरच्या राष्ट्रीय संस्थेत आणि इतरत्र चालते. सुरू, निलगिरी, साग यांची निवड तेथे वाढ आणि लाकूड यांसाठी होते. सुरू मात्र वाऱ्यावर परागण होणारा आहे. वस्तीलगत त्याची लागवड करताना उद्या परागांचाही विचार कोणी त्या निवडीत धरला, तर ते सयुक्तिक होईल.

आपल्या हवेत पराग नाहीत असा याचा अर्थ नव्हे. गवते, मका, ज्वारी, चाकवत-राजगिऱ्याच्या गोतातली तणे, एरंड, हे सारे वाऱ्याचे गिऱ्हाईक. विलायती बाभळीचे पराग त्रासदायक म्हणून प्रसिद्ध आहेत. १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम नजरेस आलेल्या गाजर गवताने कातडीचे आणि नाकाचे काय हाल केले ते वेगळे सांगायला नको. या विषयाचा अभ्यास मराठी मुलखात नवा नाही, औरंगाबादेस डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतील पराग व बुरशीचे बीजाणू मोजण्यात आयुष्य घालविले. आणि झाडांमध्ये आपला मुख्य वायुपरागित म्हणजे वावळ. माघ-फाल्गुनात पाने झडल्यावर, निष्पर्ण फांद्यांवर तिची हिरवट, नजरेत न भरणारी फुले येतात. उत्तर भारतात तिचे पराग वावड्याचे एक प्रमुख कारण म्हणून ओळखले जातात. आमच्या ओसरीसमोर वावळ होती.

आपल्यासमोरचा प्रश्न, म्हणूनच, नवे झाड निपजविण्याआधी लावायचे झाड निवडण्याचा आहे. शेजारचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात पाकिस्तानची नवी राजधानी इस्लामाबाद वसविली गेली तेव्हा झटपट हिरवाई यावी म्हणून कागदी तुती लावली. ती वाऱ्यावर पराग सोडते. आज मार्च महिन्यात तेथील हवेत एका घनमीटरला चाळीस हजारांहून अधिक परागकण मोजले गेल्याच्या नोंदी आहेत, आणि रुग्णालये दमेकऱ्यांनी भरतात. तोडलेली तुती मुळापासून पुन्हा फुटते. आपल्याच देशात गुजरातच्या वनविभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीस बंदी घातली. लाल समुद्राच्या मुखाशी असलेल्या सोमालिया-येमेनकडचे हे झाड. कमी पाण्यात, बारा महिने हिरवे, भिंतीसारखे दाट वाढते, म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि कुंपणांना ते लोकप्रिय झाले. त्याचा हिवाळी फुलोरा सर्दी, खोकला, दमा यांना निमित्त होतो आणि मुळे जमिनीखालच्या वाहिन्यांना उपद्रव देतात, अशी कारणे वनविभागाने दिली. आमच्या यादीतील तिसरी ओळ ती हीच. यादी करणाऱ्यांचा यात दोष नाही. ज्याला लवकर सावली हवी असते त्याला रोपवाटिका हेच झाड दाखवते.

त्या ओळीवर मी काट मारली आहे. कोणा एका झाडाची रांग नको, अशी विनंती केली आहे. पळस, करंज, बहावा, मोह, कडुनिंब अशी सरमिसळ सुचविली आहे. गोटमारीसाठी दर पोळ्याला रानातून पळस तोडून जाम नदीच्या पात्रात रोवणाऱ्या गावाने एक पळस शाळेत लावायला हरकत नसावी. कडुनिंबाचे परागही काहींना बाधतात, असे एका डॉक्टर माजी विद्यार्थ्याने मला कळविले. म्हणून तो वर्गांच्या खिडक्यांपासून दूर, मैदानाच्या टोकाला घ्यावा.

मुख्याध्यापकांनी आणखी एक विचारले : शाळेमागच्या विहिरीपाशी जी जुनी वावळ आहे, ती तोडावी काय? ती गुरुजींच्याही आधीची आहे. मी तिच्याखाली बराच वेळ उभा राहिलो. आईची आठवण झाली, हे लपवीत नाही. तोडू नये, असे मी कळविले. एका झाडाने ऋतू बिघडत नाही. तिच्यावर घार घरटे करते आणि उन्हाळ्यात तिच्या पापड्या मुले गोळा करून सोलून खातात. मात्र पाचवीच्या ज्या वर्गाच्या खिडक्या नेमक्या विहिरीकडे उघडतात, तो वर्ग माघ आणि फाल्गुन हे दोन महिने रस्त्याकडच्या खोलीत भरवावा, आणि त्या दिवसांत ज्या मुलामुलींना वारंवार शिंका किंवा धाप लागते त्यांची नावे वर्गशिक्षकांनी एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. वही मी देणार आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, गुरुजी प्रयोगवहीसाठी आम्हांला आणायला लावीत तशी.